ओटो राजा आणि हॉटेलच्या चादरी

माझ्या कपाटात राजे राहतात. खालच्या खणात, हिरव्या मखमलीच्या ट्रेमध्ये, प्रत्येकाला आपापला खळगा आहे. सगळे सोन्याचे, सगळे जर्मनीचे आणि सगळे कधीच मेलेले, त्यामुळे कुणी उलट बोलत नाही. माझ्या शिक्षणाचं म्हणाल तर चौथीच्या पुढे शाळेने मला ठेवलं नाही आणि मीही शाळेच्या फार मागे लागले नाही. नाण्यांवरची परकी अक्षरं मला वाचता येत नाहीत. मी राजांना तोंडावरून ओळखते. एक गालफुग्या आहे, एक टकल्या आहे. एक जण असा नाक वर करून बघतो की सोन्यातसुद्धा त्याच्या नाकपुड्या दिसतात. त्याला मी व्याही म्हणते.

हा नाद मला आमच्या लाँड्रीने लावला. आमच्याकडे नियम आहे, आधी खिसे बघायचे, मग डाग. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या जाकिटाच्या खिशात मला एक सोन्याचं नाणं सापडलं. मी ते त्याच्या घरी नेऊन दिलं. त्याने मला आत बोलावून आपला अख्खा ट्रे दाखवला, आणि एखाद्याला दारूचा पहिला घोट देतात तसं एकेक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाला, पूर्वी जर्मनी म्हणजे एक देश नव्हता, लहानमोठी पुष्कळ संस्थानं होती. पुढे सगळी एका छपराखाली आली, पण ठसका कुणी सोडला नाही. नाण्याच्या मागे गरुड सगळ्यांचा एकच, पुढे तोंड ज्याचं त्याचं. काही शहरांना तर राजाच नव्हता. एकाने नाण्यावर वेशीचे बुरूज काढलेत, दुसऱ्याने नुसती किल्ली.

मला हे एका झटक्यात समजलं. एकत्र कुटुंब म्हणजे तरी आणखी काय असतं?

त्या दिवसापासून माझ्या हातातल्या बांगड्या एकेक करून नाणेवाल्याकडे गेल्या आणि राजे घरी आले. मुलगा म्हणाला, "आई, हात मोकळे दिसतात गं तुझे." मी म्हटलं, "हात मोकळे असले की कानाखाली देता येते." त्याने पुन्हा विषय काढला नाही.

आता लाँड्रीबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथलाच आहे. दुकान मी आणि माझ्या नवऱ्याने उभं केलं. पुढे काउंटर, मागे बॉयलर आणि इस्त्रीची टेबलं, वर आमचं घर. नवरा गेल्यावर काउंटरमागच्या खुर्चीवर मी बसले ती बसलेच. गिऱ्हाईक दारातून आलं की आधी मला नमस्कार करायचं आणि मग कपडे ठेवायचं. दुकानात काय येईल, काय येणार नाही, कुठल्या डागाला हात लावायचा, कुठला परत पाठवायचा, सगळं माझ्या शब्दावर. निदान माझी तशी समजूत होती, आणि ती मी चारचौघांत मोठ्याने बोलूनही दाखवत असे.

मुलाने एकदा घाबरत घाबरत काढलं होतं, "आई, तुला सत्तरी लागेल आता. तू आराम कर. काउंटरवर ही बसेल."

ही म्हणजे माझी सून. पंधरा-सोळा वर्षं घरात आहे, पण आवाज कधी चढला नाही. असल्या माणसांचा मला भरवसा वाटत नाही.

मी म्हटलं, "मी मेल्यावर बसू दे. आणि तेव्हाही आधी खुर्ची पुसून घे म्हणावं."

सून म्हणाली, "बरं, आई."

त्याच सुमारास स्टेशनसमोर एक हॉटेल उघडलं. सून त्यांच्याशी बोलून आली. त्यांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे रोज आपल्याकडे धुवायला देणार म्हणाली. मी लगेच तोडून टाकलं. "आपण माणसांचे कपडे धुतो. ज्या चादरीवर कोण झोपलं आणि कसं झोपलं ते ठाऊक नाही, ती माझ्या दुकानाचा उंबरा चढणार नाही."

"बरं, आई," सून म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला वाटलं, धाक धाक म्हणतात तो हाच. रात्री मी ट्रे उघडून सगळ्या राजांवर एक नजर टाकली. मनात म्हटलं, बघा, शिका जरा.

पण बव्हेरिया या संस्थानाच्या ओळीत एक खळगा रिकामा होता, आणि रिकामा खळगा मला पडलेल्या दातासारखा सलतो. जीभ सारखी तिथेच जाते. नाणेवाल्याने एक दिवस कागदी पाकिटातून नाणं काढलं. दाढीवाला, कुरळ्या केसांचा, चेहरा असा शांत की जगात कुणी त्याला 'नाही' म्हटलेलंच नसावं.

"हा कोण?"

"ओटो. पंचवीस वर्षांच्या वर याच्या नावाने नाणी निघत होती, बाई."

एवढंच तो बोलला. पुढचं सगळं माझं मीच बोलले. माझ्या गळ्यात एक जाड साखळी होती, जी पुढे सुनेला जाणार हे घरात सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. ती काढून मी नाणेवाल्याच्या तराजूत टाकली.

घरी जेवायच्या टेबलावर मी ओटोला सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. "बघा, राज्य असं करावं! पंचवीस वर्षांच्या वर. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. चेहरा बघा कसा आहे. ज्याचा शब्द कधी खाली पडला नाही ना, त्याचाच चेहरा असा होतो."

मुलाला ठसका लागला. सुनेने त्याला पाणी दिलं, नाणं हातात घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाली, "खरंच शांत आहे हो, आई."

माझ्या मोकळ्या गळ्याकडे तिने एकदा पाहिलं. मग आमटी वाढायला वळली. मी ते माझ्या विजयात जमा केलं.

आमचं नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. चपलांच्या दुकानाच्या वर एक खोली आहे. तिथे घडीच्या खुर्च्या आणि मान वाकवलेला एक दिवा. दर महिन्याला तिथे जमायचं. सगळे पुरुष, बरेचसे निवृत्त, आणि आपापल्या घरी कुणी ऐकत नाही म्हणून इथे येणारे. मी एकटी बाई, आणि मी मात्र माझं घरी ऐकतात तरीही येत होते. प्रत्येक बैठकीत एकाने उभं राहून आपल्या एका नाण्याबद्दल बोलायचं, असा तिथला रिवाज. आणि नियम असा की बोलणारा खाली बसेपर्यंत कुणी मध्ये तोंड उघडायचं नाही. फार चांगला नियम आहे. त्याने माझी पुरती वाट लावली.

त्या महिन्यात पाळी माझी होती. मी ओटोला दिव्याखाली ठेवलं आणि सुरू झाले. म्हटलं, नाण्यावरचं साल बदलत गेलं पण हे तोंड बदललं नाही, याला म्हणतात पकड. हा माणूस दरबारात आला की लोक उभे राहत असणार, घाम पुसत असणार. मी दुकानात आले की आमच्याकडे राहतात तसेच. याच्या परवानगीशिवाय राज्यात दारसुद्धा वाजलं नसेल. नाहीतर आजकालचे! दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारे! हा बघा, स्वतःच्या डोक्याने चालणारा माणूस.

मला वाटत होतं की खोली माझ्या शब्दांनी भारून गेली आहे. लोक डोळे मिटत होते, खुर्चीत चुळबुळत होते. एक जण रुमालात तोंड घालून बसला होता. मी आणखी जोरात बोलले. शेवटी घसा सुकला म्हणून बसले.

"आजी, नाणं फार सुंदर आहे," मंडळातले एक दातांचे डॉक्टर म्हणाले. दात उपटायच्या आधी ते असंच बोलत असणार.

"पण?"

"पण हे ओटो महाराज... त्यांनी राज्य असं केलंच नाही."

"मग नाणी काय त्याच्या मावशीने पाडली?"

"काकांनी," गळ्यात भिंग अडकवून फिरणारा एक सभासद होता, तो म्हणाला. त्याला मी भिंगोबा म्हणते.

मग दोघांनी मिळून मला समजावलं, एकाने हात धरावा आणि दुसऱ्याने सुई टोचावी तसं. ओटोचं मन गादी मिळायच्या आधीपासूनच आजारी होतं, बिचाऱ्याचं. शहराबाहेरच्या एका राजवाड्यात त्याला ठेवलं होतं. नोकरचाकर होते, मानपान होता, येणारा जाणारा वाकून 'महाराज' म्हणायचा. कारभार सगळा काकांच्या हातात. पण गादीवर नाव ओटोचं, म्हणून सोन्यावर तोंड ओटोचं.

"त्याला कुणी सांगितलं नाही का, की तुझं कुणी ऐकत नाही म्हणून?" मी विचारलं.

"राजाला कोण सांगणार, आजी?" डॉक्टर म्हणाले.

माझ्याकडे उत्तर नव्हतं असं माझ्या आयुष्यात फारसं झालेलं नाही, आणि तेव्हाही मी होऊ दिलं नाही. म्हटलं, "चाललं ना नाणं बाजारात? मग झालं तर." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी ओटोला रुमालात गुंडाळलं आणि चहा न घेताच जिना उतरले. त्या खोलीतला चहा मी आजवर कधी सोडला नव्हता.

रस्त्याने चालताना मी स्वतःशीच बडबडत होते. आधी नाणेवाल्याला शिव्या घातल्या, मग काकाला. म्हटलं, काय बेरकी माणूस असेल! रोज सकाळी पुतण्यासमोर मान लववत असेल आणि म्हणत असेल, 'बरं, महाराज.'

हे शब्द डोक्यात आले आणि माझा पाय फुटपाथवरच थबकला.

'बरं, महाराज.' हा सूर मला ओळखीचा होता. हा सूर मी रोज ऐकत होते.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दुपारी जेवून मी वर झोपते आणि चहाला खाली येते. खाली आले की सगळे घामाघूम होऊन उभे. मला वाटायचं, माझ्या धाकाने घाम फुटतो. मागची फरशी ओली असायची. सून म्हणायची, "पाइप गळतोय, आई." कितीतरी महिने तो पाइप गळत होता आणि मी एकदाही प्लंबर पाहिला नव्हता. दुकानात शर्ट कमी झाले होते, तरी सगळ्यांचे पगार वेळेवर होत होते. मी त्याचं श्रेय कुणाला दिलं असेल? माझ्या बसण्याला. मी नुसती खुर्चीत बसले की दुकान चालतं, असं मी खरंच मानत होते, सत्तरी आलेली शहाणी बाई.

मी पुढच्या दाराने गेले नाही. मागच्या गल्लीत वळले.

गल्लीत हॉटेलची गाडी उभी होती, दार सताड उघडं. आमच्या मागच्या खोलीत बॉयलर घरघरत होता आणि जिथे तिथे पांढऱ्या चादरी होत्या. टेबलांवर, दोऱ्यांवर, ढिगाने टोपल्यांत. कोपऱ्यात, जिथे मला एरवी गोणपाटाने झाकलेला ढीग दिसायचा, तिथे एक नवीन रोलर होता, ज्यातून चादर एका बाजूने चुरगळलेली जात होती आणि दुसऱ्या बाजूने कागदासारखी बाहेर येत होती. असला रोलर आपल्याकडे आहे हे मला, मालकिणीला, त्या क्षणी कळलं.

आमचा इस्त्रीवाला, त्याला सगळे लंबू म्हणतात, त्याने मला आधी पाहिलं. "मोठ्या बाई! आज लवकर?"

"राज्य बघायला आले," मी म्हटलं.

माझा मुलगा आणि सून एका चादरीची दोन टोकं धरून उभे होते. मुलाच्या हातून त्याचं टोक सुटलं. सुनेने मात्र सोडलं नाही. खाली लोंबणारं टोक तिने उचललं, घडी पुरी केली, ढिगावर ठेवली आणि मगच माझ्याकडे वळली. केस फडक्यात बांधलेले, बाह्या कोपराच्या वर. मी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. माझ्यासमोर ती नेहमी बाह्या खाली करून यायची.

"कधीपासून?"

"आई, तू आधी बस ना," मुलगा म्हणाला.

"बसूनच तर एवढं झालं. कधीपासून?"

"गेल्या थंडीपासून," सून म्हणाली.

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"आणि तू 'बरं, आई' म्हणाली होतीस."

"मग काय म्हणणार होते? भांडले असते तर तुम्ही सगळ्यांसमोर हट्टाला पेटला असता, आणि एकदा पेटलात की स्वतःलासुद्धा विझवता येत नाही तुम्हाला." आवाज तिचा तोच, खालचा. "शर्ट कोण टाकतं हो आता, आई? सकाळपासून चार आले. त्यातले दोन तुमच्या मुलाचे."

"म्हणजे हा सगळा काकाचा कारभार," मी म्हटलं.

"कोण काका?" मुलाने विचारलं.

"तुझी बायको."

कुणाला काही कळलं नाही. लंबूने रोलर बंद केला. मला खूप काही बोलायचं होतं. चालते व्हा म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर ते सगळे 'बरं, आई' म्हणाले असते आणि उद्यापासून चादरी दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत धुतल्या असत्या. ओटोला निदान ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक होतं, आणि तरीही माझं तोंड राजाचंच होतं. ते गप्प बसेना.

"चादरी राहू देत," मी हात वर करून म्हटलं. "पण टेबलक्लॉथ या दुकानात येणार नाहीत! त्यावरचे डाग निघत नाहीत आणि मग हॉटेलवाले आपल्या नावाने बोंब मारतात. टेबलक्लॉथ नाही म्हणजे नाही!"

"नाही येणार, आई," सून गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

मुलगा एकाएकी बॉयलरकडे तोंड करून उभा राहिला. लंबूला खोकला आला. मी ताठ मानेने वर गेले आणि फार दिवसांनी गाढ झोपले. म्हटलं, थोडं दिलं, पण गादी राखली. पुढचे दोन दिवस मी मागच्या खोलीत अचानक जाऊन तपासत होते. एकही टेबलक्लॉथ सापडला नाही. माझा शब्द पाळला जात होता! मी गिऱ्हाइकांनाही सांगितलं, "चादरी मी येऊ दिल्या. टेबलक्लॉथवर मात्र ठाम राहिले."

तिसऱ्या दिवशी हॉटेलचा गाडीवाला पुढच्या दाराने आला. सून काउंटरच्या कडेला कपड्यांना चिठ्ठ्या टाचत होती. मी गाडीवाल्याला थांबवलं. "तुमच्या साहेबांना सांगा, टेबलक्लॉथ पाठवायचा विचारसुद्धा करायचा नाही."

"कुठले टेबलक्लॉथ, आजी?" तो म्हणाला. "आमच्याकडे जेवणखाण नाही. नुसत्या खोल्या. सकाळचा चहासुद्धा लोक रस्ता ओलांडून पितात. टेबलच नाही हो आमच्याकडे एकही."

तो गेला. मी सुनेकडे पाहिलं. ती चिठ्ठ्या टाचत होती, मान खाली, चेहरा नाण्यासारखा. जे नव्हतंच त्याच्यावर मी बंदी घातली होती, आणि या बाईने पापणीही न हलवता ती बंदी मान्य केली होती. एवढी वर्षं तिने माझे असे किती हुकूम शिरसावंद्य मानले असतील, याचा हिशेब करायला मी बसले नाही. काही ठेवणीतली लाज पुढच्यासाठीही राखली पाहिजे.

"सूनबाई."

"काय, आई?"

"टेबलक्लॉथवरची बंदी मी उठवली आहे."

तिने मान वर केली. हसलं तर चालेल का, हे आधी माझ्या चेहऱ्यावर नीट तपासून घेतलं. आणि मग ती जी हसली! काउंटरला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, टाचण्या खाली सांडेपर्यंत. मागून मुलगा धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी रडतंय. मी पण हसत होते, पण माझ्या हसण्याला वेळ लागला. खोकल्यासारखं अडकत अडकत आलं.

"झालं हसून?" मी म्हटलं. "मग मागे एक स्टूल टाक. मी तिथे बसणार, चादरींपाशी."

"तिथे वाफ असते, आई. फार उकडतं."

"उकडू दे. या खुर्चीवर तू बस."

तिचं हसू थांबलं. खुर्चीकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पुसून घेऊ?"

माझा तो जुना टोमणा तिने जपून ठेवला होता, आणि मुलगा गालात हसत होता. मी मुलाकडे रागाने पाहिलं आणि तो पुन्हा बॉयलरकडे गेला.

"नको," मी म्हटलं. "पण एक सांगून ठेवते. मी काही बोलले की लगेच 'बरं, आई' म्हणायचं नाही. जरा भांडत जा."

"कशावरून?"

"ते पण मीच सांगू? शोध की."

तिला फार शोधावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी ती मागच्या खोलीत आली, मी घडी घातलेल्या चादरी एकेक करून उलगडल्या आणि लंबूच्या देखत मला म्हणाली, "आई, हॉटेलची घडी अशी नसते. ह्या सगळ्या घड्या पुन्हा घालाव्या लागतील."

मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी घड्या घालते आहे, मला शिकवतेस? ती म्हणाली, हो, शिकवते. आवाज बऱ्यापैकी चढला होता. दोघी खूप वेळ भांडलो. घडी माझीच चुकली होती. मी ते कबूल केलं नाही, पण घड्या पुन्हा घातल्या.